उजव्या कप्प्यातली गाठ, मूळ ओटीपोटात: देवगड किनाऱ्यावरचं एक प्रकरण

रुग्ण ४६ वर्षांची. देवगड तालुक्यातल्या किनाऱ्यालगतच्या एका वाडीत राहते, आंब्याच्या हंगामात पेट्या भरायला जाते, एरवी घरचं आणि परड्यातलं काम. दोन मुलं, दोन्ही बाळंतपणं सरळ. मधुमेह नाही, रक्तदाब नाही. तक्रार एवढीच की चार महिन्यांपासून दम लागतो. वाडीतून रस्त्यावर यायला जांभ्याच्या पायऱ्यांची घाटी आहे. ती पूर्वी एका दमात चढून जायची, आता मध्ये दोनदा बसावं लागतं. संध्याकाळी पाय सुजतात. आणि दोन वेळा घेरी आली. एकदा पेटी उचलायला वाकून उठताना, एकदा विहिरीवर कळशी भरताना. तिच्याच शब्दांत, "डोळ्यांफुडे काळोख इलो नि मी थंयच बसलंय."

आधीच सांगतो, ही बाई म्हणजे कुणी एक व्यक्ती नाही. या आजाराच्या प्रसिद्ध झालेल्या नोंदींमध्ये पुन्हा पुन्हा दिसणारी लक्षणं आणि आपल्याकडची परिस्थिती एकत्र करून, शिकवण्यासाठी हे प्रकरण जुळवलं आहे. आजाराची वागणूक, तपासण्या आणि उपचार मात्र जसे आहेत तसेच दिले आहेत.

गावातल्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. हिमोग्लोबिन ११ च्या आसपास, थायरॉइड ठीक. लोहाच्या गोळ्या आणि सुजेसाठी लघवी होण्याची गोळी सुरू झाली. "पाळी जायचं वय, थोडा अशक्तपणा असणारच," असं सांगितलं गेलं. यात त्या डॉक्टरांना दोष देण्यासारखं फार नाही. दम आणि पायांवर सूज घेऊन येणाऱ्या बायकांमध्ये रक्तक्षय, जुना संधिवाताचा झडपेचा आजार किंवा थकलेलं हृदय हेच बहुतेक वेळा निघतं. पण दोन गोष्टी या चित्रात बसत नव्हत्या. पहिली, ११ हिमोग्लोबिनला कुणी घाटीत दोनदा बसत नाही. दुसरी, घेरी दोन्ही वेळा वाकण्याशी जोडलेली होती. अंगाची ठेवण बदलली की घेरी येते, याचा एक अर्थ असा असू शकतो की रक्ताच्या वाटेत काहीतरी हलतं आहे.

तपासताना मानेच्या शिरा फुगलेल्या, यकृत बरगडीखाली दोन बोटं हाताला लागणारं, पायांवर दाबलं की खड्डा. छाती मात्र स्वच्छ, फुप्फुसात पाण्याचा आवाज नाही. मानेच्या शिरा भरलेल्या आणि फुप्फुसं कोरडी असली की अडथळा उजव्या बाजूला आहे असं समजून पुढे जायचं. उरोस्थीच्या डाव्या कडेला खाली एक हलकीशी घरघर ऐकू येत होती. ती कुशीवर वळल्यावर बदलत होती.

पहिला टूडी इको आणि सापडलेलं चुकीचं नाव

कोल्हापूरहून ठरलेल्या दिवशी येणाऱ्या हृदयरोगतज्ज्ञांकडे टूडी इको झाला. हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात सुमारे पाच सेंटिमीटरची गाठ, हलती. दर ठोक्याला ती ट्रायकस्पिड झडपेतून खालच्या कप्प्यात डोकावत होती आणि परत वर येत होती. अहवालात दोन शक्यता लिहिल्या: मिक्सोमा, नाहीतर रक्ताची गुठळी. रक्त पातळ करणारं हेपरिन सुरू झालं, मग त्यासाठीच वॉरफरिनच्या गोळ्या. पायांच्या शिरांचा डॉप्लर, म्हणजे रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी केली, तिथे गुठळी नव्हती. काही दिवसांनी इको पुन्हा झाला, गाठ तसूभरही कमी नाही.

मिक्सोमा ही हृदयात मूळ धरणारी सर्वांत नेहमीची साधी, म्हणजे कर्करोग नसलेली गाठ. पण ती चारपैकी तीन वेळा डाव्या वरच्या कप्प्यात असते, आणि बहुतेक वेळा दोन कप्प्यांमधल्या पडद्याला देठाने चिकटलेली असते. उजव्या कप्प्यातली गाठ दिसली आणि देठ दिसला नाही, तर मिक्सोमा म्हणण्याआधी हात थांबायला हवा. गुठळीचंही तसंच. रक्त पातळ करायच्या गोळ्यांनी ती विरायला लागते, निदान तिचा आकार बदलतो. इथे काहीच बदललं नव्हतं, आणि गुठळी यावी अशी जागाही पायांत सापडली नव्हती.

मग तिसऱ्यांदा इको झाला तेव्हा प्रोब छातीवरून काढून बरगड्यांच्या खाली, पोटाच्या वरच्या खळग्यात टेकवला. गुडघे दुमडून, पोट सैल सोडून, श्वास आत धरायला सांगितला. या जागेवरून आयव्हीसी दिसते, म्हणजे पाय आणि पोटातलं सगळं रक्त हृदयाकडे नेणारी मोठी शीर. निरोगी माणसात ती काळी, रिकामी दिसते आणि श्वास आत घेतला की आक्रसते. इथे ती फुगलेली होती, आक्रसत नव्हती, आणि आतून राखाडी भरलेली होती. वरच्या कप्प्यातली गाठ कुठल्याही भिंतीला चिकटलेलीच नव्हती. ती आयव्हीसीच्या तोंडातून वर आलेली होती. प्रोब खाली खाली सरकवत गेलं तरी तिचं शेपूट संपेना. यकृताच्या मागून, मूत्रपिंडांच्या पातळीच्या खाली, बेंबीपर्यंत.

या प्रकरणातलं सगळं काही त्या एका हालचालीत आहे. छातीवरून हृदय पाहून झालं की इको संपला असं वाटतं, मशीनसमोर रांगही असते. पण उजव्या कप्प्यात काहीही वावगं दिसलं तर ते कुठून आलं हे पाहायला खाली उतरावंच लागतं. मूत्रपिंडाचा कर्करोग शिरेतून वर चढतो, यकृताचाही चढतो. आणि क्वचित, फार क्वचित, गर्भाशयाची साधी गाठही चढते.

"पिशवी कशासाठी काढली होती?"

हा प्रश्न तोवर कुणी विचारला नव्हता. पिशवी काढल्याचं तिने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, प्रत्येक केसपेपरवर लिहिलंही होतं, आणि प्रत्येकाने ते जुनं प्रकरण म्हणून ओलांडलं होतं. आपल्याकडे पिशवी काढलेल्या बायका इतक्या आहेत की त्याची नोंद होते, चौकशी होत नाही. बीडच्या ऊसतोड कामगार बायकांच्या पिशव्या काढण्याचा विषय २०१९ मध्ये विधिमंडळात गाजला. त्यानंतर ही शस्त्रक्रिया गरज नसताना किती होते यावर बरंच बोललं गेलं. काढलेल्या पिशवीत काय निघालं, यावर मात्र फारसं कुणी बोलत नाही.

सहा वर्षांपूर्वी, पाळीत अति रक्तस्राव आणि फायब्रॉइड, म्हणजे गर्भाशयाच्या स्नायूची साधी गाठ, म्हणून एका खासगी दवाखान्यात तिची पिशवी काढली. वय चाळीस, म्हणून दोन्ही अंडाशयं ठेवली. साध्या फायब्रॉइडसाठी हा निर्णय बरोबरच होता. डिस्चार्ज कार्डावर शेवटी एक ओळ होती, नमुना तपासणीसाठी पाठवला. अहवाल आणायला कुणी गेलं नाही. नवरा म्हणाला, "टाके सुकले, ती कामाक लागली, मगे कित्याक जावचा?" हे सगळ्या कोकणात असंच चालतं. लॅब दुसऱ्या गावात, अहवाल आठ-दहा दिवसांनी, एसटीचं भाडं आणि बुडालेली मजुरी, आणि दवाखान्याकडूनही फोन नाही.

लॅबने नोंदी ठेवल्या होत्या, म्हणून अहवालाची प्रत मिळाली. निदान लायोमायोमा, म्हणजे फायब्रॉइडच. खाली एक ओळ: भिंतीतल्या काही रुंदावलेल्या शिरांच्या पोकळीत गुळगुळीत स्नायूंच्या पेशींचे गोळे दिसतात, पाठपुरावा करावा. ती ओळ तेव्हा कुणी वाचली असती तर हृदयापर्यंत गोष्ट गेलीच नसती, असं छातीठोकपणे म्हणता येणार नाही. पण वर्षातून एकदा पोटाची सोनोग्राफी आणि आयव्हीसीवर एक नजर एवढं नक्की झालं असतं, आणि अंडाशयांबद्दल पुन्हा विचार झाला असता.

आजाराचं नाव इंट्राव्हेनस लायोमायोमॅटोसिस. गर्भाशयाच्या स्नायूतली गाठ शिरेच्या पोकळीत वाढू लागते आणि रक्तप्रवाहाच्या दिशेने वर सरकते. १८९६ मध्ये बिर्च-हिर्शफेल्ड यांनी तिचं पहिलं वर्णन केलं, १९०७ मध्ये ड्यूर्क यांनी हृदयापर्यंत पोहोचलेली गाठ नोंदवली. ती येते कुठून यावर दोन मतं तेव्हापासून चालत आली आहेत. क्नाउअर यांनी १९०३ मध्ये म्हटलं की शिरेच्या भिंतीतल्याच स्नायूतून ती उगवते. सिट्झेनफ्राय यांनी १९११ मध्ये म्हटलं की शेजारचं फायब्रॉइडच शिरेत घुसतं. वाद पूर्ण मिटलेला नाही, आणि माझ्या मते रुग्णाच्या बाबतीत त्याने काही फरकही पडत नाही. जगभरच्या वैद्यकीय नियतकालिकांत मिळून काहीशे रुग्णांचीच नोंद आहे. त्यांतल्या साधारण १० ते ३० टक्क्यांत गाठ हृदयापर्यंत गेलेली आढळते. फायब्रॉइड मात्र घरोघरी आहे, तेव्हा हे वाचून कुणी सोनोग्राफीच्या रांगेत उभं राहायची गरज नाही.

विचित्र गोष्ट ही की सूक्ष्मदर्शकाखाली ही गाठ साधी असते. पेशी सरळ, त्यांचं विभाजन तुरळक, कुजलेला भाग नाही. कर्करोग नव्हे, पण वागणूक कर्करोगासारखी. रुग्णाला हे समजावून सांगणं सर्वांत अवघड जातं. "कॅन्सर नाय ना?" या प्रश्नाला "नाही" हे उत्तर खरं आहे, पण तेवढंच सांगितलं तर घरचे शस्त्रक्रिया पुढे ढकलतात. आंब्याचा हंगाम संपू दे, गणपती होऊ दे, मग बघू. म्हणून दुसरं वाक्य लगेच जोडावं लागतं: गाठ साधी आहे, पण ती झडपेच्या तोंडात अडकली तर माणूस जागच्या जागी जाऊ शकतो. या बाईच्या दोन घेऱ्या म्हणजे ती झडप दोनदा क्षणभर बंद झाली होती.

सीटीवर दिसलेली वाट

सीटी स्कॅनमध्ये शिरेतून रंगद्रव्य देऊन पोट आणि छाती एकत्र काढली. दोन गोष्टी लगेच स्पष्ट झाल्या. एक, गाठीने रंगद्रव्य शोषलं होतं, म्हणजे तिला स्वतःचा रक्तपुरवठा आहे. गुठळीला तो नसतो. दोन, ओटीपोटात उजव्या बाजूला, जिथे पिशवी काढून टाकली होती तिथेच, सुमारे सात सेंटिमीटरचा गोळा होता. तिथून ओटीपोटातल्या उजव्या अंतर्गत इलियाक शिरेत, मग ती जिला मिळते त्या मोठ्या कॉमन इलियाकमध्ये, मग आयव्हीसीत आणि हृदयात, अशी सलग वाट दिसत होती.

गर्भाशयातून वर जायला दोन रस्ते आहेत. एक हा इलियाकचा. दुसरा अंडाशयाच्या शिरेचा. उजव्या अंडाशयाची शीर थेट आयव्हीसीला मिळते, डाव्या अंडाशयाची डाव्या मूत्रपिंडाच्या शिरेला. शस्त्रक्रियेआधी हे दोन्ही रस्ते दोन्ही बाजूंनी तपासावे लागतात, नाहीतर एक टोक काढून दुसरं राहतं. या रुग्णात उजव्या अंडाशयाच्या शिरेतही एक छोटा तुकडा होता. डावी बाजू मोकळी.

एवढी मोठी शीर भरलेली असताना पाय आधीच का सुजले नाहीत, असं विद्यार्थी नेहमी विचारतात. कारण गाठ वर्षानुवर्षं सावकाश वाढते, आणि कण्याजवळच्या लहान शिरा तेवढ्या अवधीत रुंद होऊन रक्ताला वळणाची वाट काढून देतात. लक्षणं येतात ती गाठ यकृताच्या शिरांच्या तोंडाशी आणि हृदयात पोहोचल्यावर. पिशवी काढल्यानंतर काही महिन्यांपासून ते वीसेक वर्षांपर्यंत कधीही हे झाल्याच्या नोंदी आहेत.

तिच्या सासूने एकच विचारलं, "पिशवी काढली तेवाच गाठ गेली ना? मगे ही खयसून इली?" तिला कागदावर चित्र काढून दाखवलं: पिशवी ही, शीर ही, पिशवी काढताना शीर इथे कापली, आणि कापलेल्या शिरेत आधीच जे शिरलं होतं ते आत राहिलं. अंडाशयं शाबूत, म्हणून त्यांचं इस्ट्रोजेन हे संप्रेरक मिळत राहिलं, आणि त्यावर ते वाढत गेलं. हे तिला पटलं. नवऱ्याला मात्र शेवटपर्यंत वाटत होतं की पहिल्या डॉक्टरांनी काहीतरी आत विसरलं.

मुंबईला नेताना

गोव्यातलं बांबोळीचं रुग्णालय जवळ होतं. पण नवऱ्याचा भाऊ परळला, राहण्या-जेवणाची सोय तिथे, म्हणून मुंबईच ठरली. रेशन कार्ड आणि आधार घेऊन महात्मा जोतिराव फुले योजनेच्या आरोग्यमित्राकडे कागद सुरू झाले. घरच्यांचा विचार कणकवलीहून रात्रीच्या गाडीने जायचा होता. त्याला नकार द्यावा लागला. गाडीत घेरी आली तर पुढचं स्टेशन येईपर्यंत करण्यासारखं काहीच नसतं. ऑक्सिजन आणि मॉनिटर असलेली रुग्णवाहिका, सोबत डॉक्टर, असं महामार्गाने गेले.

निघण्याआधी लघवीची गोळी कमी केली. सूज दिसली की ती वाढवायचा मोह होतो, पण झडपेच्या तोंडात गाठ असताना शरीरातलं पाणी कमी झालं की हृदयात परत येणारं रक्तही घटतं आणि घेरी वाढते. वाकायचं नाही, उकिडवं बसायचं नाही, शौचाला कुंथायचं नाही म्हणून पोट साफ व्हायचं औषध. वॉरफरिन थांबवलं, कारण आता ते चालू ठेवायला कारण उरलं नव्हतं आणि पुढे मोठी शस्त्रक्रिया होती.

मुंबईत हृदयशल्यविशारद, स्त्रीरोगतज्ज्ञ, रक्तवाहिन्यांचे सर्जन आणि भूलतज्ज्ञ एकत्र बसले. प्रश्न होता एका बैठकीत की दोन बैठकांत. रुग्ण थकलेला असेल तर आधी हृदय मोकळं करून काही आठवड्यांनी पोट उघडतात. पण मधल्या काळात खालचा भाग पुन्हा वर सरकू शकतो. ही बाई ४६ ची, मूत्रपिंडं आणि फुप्फुसं चांगली. एकाच बैठकीत करायचं ठरलं.

छाती आणि पोट दोन्ही उघडलं. वरून नुसतं ओढून काढण्याचा मोह धोक्याचा असतो. गाठ खाली कुठे भिंतीला चिकटलेली असेल तर शीर फाटते आणि पोटामागे रक्तस्राव सुरू होतो, तो उघड्या छातीतून दिसतही नाही. अन्ननलिकेतून टाकलेल्या इकोच्या प्रोबवर भूलतज्ज्ञांची नजर गाठीच्या टोकावर होती, तुकडा तुटून फुप्फुसाच्या धमनीत जातो का ते पाहायला. हार्ट-लंग मशीनची खालची नळी नेहमीप्रमाणे आयव्हीसीतून घालता येईना, ती शीरच भरलेली. म्हणून शरीर सुमारे १८ अंशांपर्यंत थंड करून थोडा वेळ रक्ताभिसरण पूर्ण थांबवलं. इतक्या थंडीत मेंदू साधारण अर्धा तास रक्ताविना तग धरतो. तेवढ्यात वरचा कप्पा आणि आयव्हीसी उघडून गाठ मोकळी केली.

ती बाहेर आली तेव्हा वाम माशासारखी होती: लांब, पांढुरकी, गुळगुळीत, पुढचं टोक बोथट आणि किंचित जाड. हृदयात किंवा आयव्हीसीत कुठेही चिकटलेली नव्हती. चिकटलेली होती फक्त खाली, उजव्या अंतर्गत इलियाक शिरेच्या तोंडाशी. ओटीपोटातला गोळा, दोन्ही अंडाशयं, नळ्या, उजव्या अंडाशयाची शीर हे सगळं काढलं. इलियाकच्या एका खोल फांदीत नखाएवढा भाग मज्जातंतूंच्या जाळ्याला इतका लागून होता की तो काढण्यात पाय अधू होण्याचा धोका होता. तो ठेवला आणि शीर बांधली.

काढलेल्या गाठीच्या सूक्ष्मदर्शकाखालच्या तपासणीत, म्हणजे हिस्टोपॅथॉलॉजीत, डेस्मिन आणि स्मूद मसल ॲक्टिन हे दोन्ही रंग लागले, म्हणजे पेशी स्नायूच्याच. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन दोन्हींचे रिसेप्टर पॉझिटिव्ह. गाठीवरून रक्तवाहिनीच्या अस्तराचा पातळ थर. लायोमायोसार्कोमा आणि एंडोमेट्रियल स्ट्रोमल सार्कोमा हे दोन दुष्ट, म्हणजे कर्करोगी नातलग वगळले गेले. यासाठी अनुभवी पॅथॉलॉजिस्ट लागतो, कारण त्यातला दुसरा आजारही शिरांमधूनच पसरतो आणि त्याचा पुढचा उपचार वेगळा आहे.

पुढचं

घरी परतल्यावर घाटी चढताना बसावं लागत नाही. नवीन तक्रार अचानक गरम होण्याची आणि रात्रीच्या घामाची आहे, अंडाशयं गेल्याचा परिणाम. कुडाळला कुणीतरी तिला हार्मोनची गोळी सुचवली होती. ती या रुग्णाला द्यायची नाही. इस्ट्रोजेन बाहेरून देणं म्हणजे राहिलेल्या तुकड्याला पोसणं. हे तिच्या फाईलच्या पहिल्या पानावर लाल अक्षरांत मराठीत लिहून दिलं आहे, म्हणजे पुढचा डॉक्टर कुणीही असला तरी घरचेच दाखवू शकतील. हाडांसाठी कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि हाडांच्या घनतेची तपासणी.

राहिलेल्या तुकड्याचं काय करायचं यावर दोन मतं होती. स्त्रीरोगतज्ज्ञांचं म्हणणं लेट्रोझोल सुरू करावं. ते शरीरातल्या चरबीत तयार होणारं उरलंसुरलं इस्ट्रोजेनही रोखतं. दुसरं मत, अंडाशयं काढली आहेत, तेवढं पुरे, नुसतं पाहत राहू. या औषधांचा अनुभव मोजक्या रुग्णांपुरताच आहे, मोठ्या चाचण्या होणं शक्यच नाही. मला पहिलं मत पटतं, कारण काही भाग मागे राहिला की गाठ परतण्याची शक्यता वाढते, आणि एकूणही रुग्णांच्या काही अभ्यासांत ३० टक्क्यांपर्यंत रुग्णांत ती परतल्याचं दिसतं. तिने गोळी घ्यायचं मान्य केलं आहे. पण तिने महिन्याचा खर्च आधी विचारला, आणि जेनेरिक औषधाचा भाव कळल्यावरच हो म्हटलं.

सहा महिन्यांनी पोटाचा एमआरआय, त्यानंतर दरवर्षी एकदा. मध्ये गावाजवळ कुठेही इको झाला तर चिठ्ठीवर एवढंच लिहायचं: बरगडीखालून आयव्हीसी पाहावी, खाली दोन्ही इलियाक शिरा तिला मिळतात तिथपर्यंत. आणि या वेळी अहवाल आणायला धाकटा मुलगा जाणार आहे. तारीख त्याच्या मोबाईलमध्ये टाकून घेतली आहे, लॅबचा फोन नंबरही.